ब्लोअर चालवताना इंजिन ऑईल गळतंय, वर्कशॉपवाला म्हणतो ट्रॅक्टर मधून तोडावा लागेल

निफाडचा_बागवाला

नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर चालवायचा छोटा ट्रॅक्टर आहे, २४ एचपी, ३ सिलेंडर डिझेल, फोर व्हील, घेऊन ६ वर्षं झाली, मीटरवर २१०० तास. कंपनीचं नाव टाकत नाही, उगाच इथे तुझी चांगली का माझी चांगली सुरू होतं आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला.

गेल्या आठवड्यापासून इंजिन ऑईल गळतंय. आधी शेडमध्ये खाली रुपयाएवढा डाग दिसायचा, म्हटलं असेल काहीतरी, आता ब्लोअर मारून आलो की थेंब थेंब चालूच, आणि क्लच हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या डब्याच्या, बुडाला ते छोटं भोक असतं ना ज्यात स्प्लिट पिन लोंबकळत असते, तिथूनच टपकतंय. १० तासांत अर्धा लिटर तरी वरून टाकावं लागतंय.

वर्कशॉपवाल्याला बोलावलं. त्याने खाली वाकून बोट लावलं, वास घेतला आणि म्हणाला मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्ट इंजिनातून मागे निघतो तिथलं ऑईल अडवणारं रबर) गेलं, ट्रॅक्टर मधून तोडून इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळं करावं लागेल, ३ दिवस लागतील, १६ हजार धरून चला, क्लच प्लेट भिजली असेल तर तिचे वेगळे. २ मिनिटांत निदान करून चहा पिऊन गेला.

आता माझी अडचण समजून घ्या. ऑक्टोबर छाटणीला २२ दिवस झालेत, घड बाहेर पडलेत, परवा रात्री पाऊस येऊन गेला आणि पानांवर सकाळी १० पर्यंत दव. डाऊनी रोगाच्या भीतीने एक दिवसाआड फवारणी चालू आहे. ३ दिवस ट्रॅक्टर उघडून पडला तर बागेचं काय होईल ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. भाड्याने ब्लोअर मिळत नाही कारण सगळ्यांच्या छाटण्या मागेपुढे एकाच टायमाला.

तर ऑईल टाकत टाकत महिनाभर ढकलता येईल का, आणि सीलच गेलंय हे न उघडता ओळखायची काही पद्धत आहे का? क्लच अजून घसरत नाही. ऑईल प्रेशरचा दिवा चालू इंजिनावर लागत नाही. ताकद पहिल्यासारखीच आहे. इंजिनाची मागची बाजू सगळी काळी चिकट झालीय, त्यावर धूळ आणि औषधाचा पांढरा थर बसलाय त्यामुळे नेमकं कुठून येतंय काही कळत नाही. हां, आणि ऑईलची लेव्हल बघायची पट्टी दोनदा अर्धी वर आलेली सापडली, ड्रायव्हर पोरगा नीट बसवत नाही, त्याला त्यावरून चांगलाच झापलाय.

दापोलीचा_कलमवाला

भाऊ आमच्याकडे पॉवर टिलरला असंच झालेलं, मी सरळ जाड ऑईल भरलं, २०डब्ल्यू-५०, आणि लीकेज बंद करायची बाटली मिळते ती ओतली. एक हंगाम निघाला. सीझनमध्ये उघडत बसू नका.

तासगावकर७७

अहो दापोलीवाले, बाटलीनं सील फुगतंय ते खरं, पण ते आठ दिवस का आठ महिने हे कुणी सांगावं, आणि फुगलेलं रबर नंतर मऊ पडून जास्तच गळतंय हे मी माझ्या पैशानं शिकलोय. आणि पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिलंय तर तेच टाकायचं की, जाड ऑईल थंडीत सकाळी सकाळी वर चढायला वेळ लावतंय.

निफाडवाले दादा, तुमच्या मिस्त्रीनं बोट लावून वास घेतला म्हणताय, पण इंजिन धुतलं का त्यानं? नाही ना? मग त्याला काय कळलं? ऑईल गळतंय एका जागी आणि टपकतंय दुसऱ्या जागी. खाली तर येतंयच, वर फॅनचा वारा पुढनं मागं मारतोय, त्यामुळं पुढचं ऑईल सगळं मागं जाऊन क्लच हाऊसिंगवर बसतंय आणि सगळ्यात खालच्या टोकाला येऊन टपकतंय, आणि ते सगळ्यात खालचं टोक म्हणजे तुमचं ते स्प्लिट पिनचं भोक. टपकायची जागा बघायची नाही, ओलं झालेलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ठिकाण बघायचं.

मी काय केलं सांगतो. संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर ब्रश आणि डिझेल घेऊन बसलो, सगळी मळी खरवडली, मग साबणाच्या पाण्यानं धुतलं (आल्टरनेटर, स्टार्टर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर प्लास्टिक बांधा, वॉशिंग सेंटरचा फोर्स मारू नका, पाणी सीलमधनं आत जातंय). रात्रभर सुकू दिलं. सकाळी पोराची अंगाला लावायची पावडर घेतली, डबा अर्धा रिकामा केला म्हणून घरात बोलणी खाल्ली ते सोडा, आणि इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेला, फिल्टरच्या बुडाला, खालच्या ऑईलच्या चेंबरच्या पॅकिंगला, क्रँक पुलीच्या मागं, सगळीकडं फुंकून बसवली. नुसतं उभ्या जागी १५ मिनिटं इंजिन चालवलं, फॅन आणि पट्ट्यापासनं लांब राहून बॅटरी मारत बघत बसलो. पांढऱ्यावर काळी रेघ उतरली की झालं, लपायला जागाच नाही त्याला.

माझं कुठनं निघालं माहिताय का, ऑईल प्रेशरचा जो छोटा स्विच असतो त्याच्या मधल्या वायरच्या पिनमधनं. तो काळा प्लास्टिकचा भाग आणि लोखंड यांच्यामधनं. वायरचा टोपा काढला तर आत ऑईल भरलेलं. मिस्त्रीनं मला पण मागचं सील सांगितलं होतं. स्विच आला अडीचशेला, बसवायला १० मिनिटं.

निफाडचा_बागवाला

धुतलं नाही त्याने. आज संध्याकाळची फवारणी उरकली की बसतो धुवायला. स्विचही बघतो, पण अर्धा लिटर स्विचमधून जाईल का?

तासगावकर७७

जाईल की. तिथं प्रेशर असतंय. पण बघितल्याशिवाय काय बोलायचं नाही.

जुना_फिटर

३१ वर्षं डिझेल इंजिनावर हात काळे केलेत, आता घरी बसून नातवंडं आणि हा फोन. तासगावकरांनी धुवायचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. पण निफाडकर, तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी "हां, आणि" करून लिहिलीत, पेशंट दाराशी गेल्यावर वळून छातीत कळ येते म्हणून सांगतो तशी.

ऑईलची पट्टी आपोआप वर येत नाही. पोराला उगाच झापलंत. ती आतून ढकलली जातेय.

जरा सविस्तर लिहितो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर जायला ब्रीदर दिलेला असतो. तुमच्या जातीच्या छोट्या इंजिनात बहुतेक टॅपेट कव्हरवरून एक रबरी पाईप निघतो आणि इंजिनाच्या कडेने खाली जाऊन उघडा सोडलेला असतो, काही मॉडेलमध्ये तो एअर फिल्टरच्या पुढच्या पाईपात जोडलेला असतो. हा पाईप चोंदला, मुडपला किंवा कुणी दुरुस्ती करताना त्यावर काही दाबून बसवलं की गॅसला वाट राहत नाही. मग चेंबरमध्ये प्रेशर धरतं आणि जिथे जिथे मऊ जागा सापडेल तिथून ऑईल बाहेर मारतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पुढचं सील, मागचं सील, पट्टीचं भोक. सीलची रचनाच अशी की ओठ शाफ्टला हलकेच टेकलेला असतो, आत बारीक स्प्रिंग असते तिच्या जोरावर. ते ऑईल अडवायला आहे, प्रेशर अडवायला नाही. म्हणजे तुमचं सील गळतही असेल, तरी सील गेलेलं असेलच असं नाही. उद्या १६ हजार घालून नवीन सील टाकलंत आणि ब्रीदर तसाच राहिला तर ते पण दोन महिन्यांत गळेल, आणि मग मिस्त्री म्हणणार क्रँकला खाच पडलीय, इंजिन उतरवा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एकदा नाही.

आता करायचं काय. सपाट जागेवर ट्रॅक्टर लावा, इंजिन गरम करून हळू रेसवर ठेवा आणि ऑईल भरायचं टोपण हळूच सैल करा. तोंड बाजूला ठेवा, आत प्रेशर असेल तर गरम ऑईल उडतं. टोपण काढून तिथेच उलटं नुसतं ठेवा. जरासं थरथरलं तर ठीक. उडून बाजूला पडलं, किंवा भक भक करून धूर येऊ लागला, तर दोन गोष्टी, एक ब्रीदर बंद आहे, दोन रिंगा संपल्यात आणि बॅक कॉम्प्रेशन मारतंय. यातली कुठली ते कळायला ब्रीदरचा पाईप वरच्या टोकाला सोडा आणि खालच्या टोकातून तोंडाने फुंकून बघा. फुंकर आरपार गेली पाहिजे, जोर लावावा लागता कामा नये. तुमची ताकद कमी झाली नाही, धुराबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून माझी पैज पाईपावर.

आणखी एक. ऑईलचा रंग बघा. डिझेलचं इंजिन ऑईल बदलल्यावर थोड्याच तासांत काळं होतं. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑईल पिवळट राहतं, त्याचा वास वेगळा. त्याच स्प्लिट पिनच्या भोकातून गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गेलं तरी ऑईल येतं, आणि लोक इंजिनाचं समजून बसतात. पिन काढा, तारेला कापूस गुंडाळा, भोकातून आत वर फिरवून बाहेर काढा आणि उन्हात धरून बघा.

पट्टीवर लेव्हल मॅक्सच्या वर तर नाही ना ते पण बघा. गळतंय म्हणून भीतीने जास्त भरणारे पुष्कळ. इंजिन बंद करून १० मिनिटं थांबून मग पट्टी काढायची. लेव्हल न टाकता वाढत असेल आणि ऑईल पातळ लागून डिझेलचा वास मारत असेल तर इंजिन चालूच करू नका, फीड पंपाचा पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत असेल. तो वेगळा आणि वाईट आजार.

ओहायोतला_नाशिककर

फिटरकाका, मस्त लिहिलंय. माझा इथला अनुभव टाकतो, यंत्र वेगळं पण दुखणं तेच. इकडे घराभोवतीचं गवत कापायला छोटा बसून चालवायचा ट्रॅक्टर असतो, पेट्रोलचं एक सिलेंडरचं इंजिन, शाफ्ट उभा खाली निघतो. त्याच्यात ब्रीदरला पत्र्याची पातळ जीभ असलेला व्हॉल्व्ह असतो, गॅस बाहेर सोडतो पण हवा परत आत घेत नाही, त्यामुळे आत प्रेशर धरण्याऐवजी थोडी ओढच राहते. माझ्या ट्रॅक्टरची ती जीभ वाकली होती, केसाएवढीच फट जास्त झाली होती, आणि तेवढ्यावर ऑईल सगळीकडून, एअर फिल्टरसुद्धा भिजला. मी शहाण्यासारखं आधी खालचं सील बदललं. ब्लेडचा अख्खा डेक उतरवून, पुली काढायला पुलर भाड्याने आणून, शनिवार-रविवार दोन्ही घालवून. सोमवारी परत डाग. मग ब्रीदर.

आई फोनवर विचारत होती, अरे तिकडे पण ट्रॅक्टरच का?

निफाडचा_बागवाला

मंडळी, काय सांगू.

काल रात्री ९ पर्यंत बसून धुतला. आज पहाटे पावडर मारली (नवीन डबा आणला, तासगावकर, तुमच्यासारखी बोलणी खायची हिंमत नव्हती). इंजिन चालू केलं आणि साताठ मिनिटांत टॅपेट कव्हरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून काळी रेघ उतरायला लागली, हेडच्या मागून ब्लॉकवर, ब्लॉकवरून क्लच हाऊसिंगच्या कडेने सरळ त्या भोकापर्यंत. ऑईल प्रेशरचा स्विच कोरडा. चेंबरचं पॅकिंग कोरडं. पुढची पुली कोरडी.

मग फिटरकाकांनी सांगितलं तसं टोपण सैल केलं. एकच आटा फिरवला आणि फुस्स करून आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी बोटाने उचलल्यावर येतो तसा. टोपण उलटं ठेवायची वेळच आली नाही, हातातच उडालं. इंजिन बंद केलं. ड्रायव्हर पोरगा शेजारीच उभा होता, पट्टीकडे बघत होता, काही बोलला नाही.

ब्रीदरचा पाईप उजव्या बाजूने खाली पुढच्या एक्सलजवळ सोडलेला आहे. फुंकायला गेलो तर गाल फुगले, हवा जाईना. तोंडाजवळून बॅटरी मारली तर आत दोन बोटं अंतरावर माती. म्हटलं चिखल गेला असेल, तारेने खरवडायला लागलो तर ती माती अशी गुळगुळीत, सारवल्यासारखी, आणि तिच्यामागून सुकलेल्या हिरवट अळ्या पडल्या. सात आठ असतील. मग परत मातीचा पडदा, परत अळ्या. असे ३ कप्पे निघाले.

कुंभारीण माशी! पाईपात घर करून बसली होती. जुलै-ऑगस्टमध्ये रानात इतका चिखल होता की ट्रॅक्टर आत घालता येईना, महिना दीड महिना एचटीपी पंपाने (जोराने औषध मारायचा पंप) नळीवर फवारण्या काढल्या आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा. तेव्हाच तिने डाव साधलेला दिसतो. अळीला टोचून टोचून आपल्यासारखं करते म्हणून लहानपणी आजी सांगायची, इथे तिने माझ्या इंजिनाला टोचलं.

पाईप काढून डिझेलने धुतला, आरपार फुंकर जाते आता. वरची नळी कव्हरला जिथे बसते तिथेही चिकट मळी होती ती साफ केली. स्प्लिट पिनच्या भोकातून कापूस फिरवला तर काळं ऑईल लागलं, फार नाही पण लागलं. म्हणजे मागच्या सीलमधूनही थोडं आलंय ना? आता ते उघडायचं का?

जुना_फिटर

लगेच उघडू नका. प्रेशरने ओठ उचलला गेला असेल, प्रेशर गेलं की बऱ्याचदा परत बसतो. आत जमलेलं ऑईल अजून आठवडाभर उतरत राहील, त्याने घाबरू नका. कापसाने जेवढं पुसता येईल तेवढं आतून पुसा, खाली पुठ्ठा ठेवा आणि रोज सकाळी पुठ्ठ्यावरच्या डागाभोवती पेनाने गोल काढून तारीख टाका. डाग लहान होत गेला तर समजा.

क्लचकडे मात्र लक्ष ठेवा. चढावर किंवा ब्लोअरचा पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा) जोडताना इंजिन रेस घेतंय पण ट्रॅक्टर ओढत नाही, किंवा जळका वास आला, की प्लेटवर ऑईल गेलंय, मग पर्याय नाही.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवीन टाका. ते कॉर्कचं असेल तर इतके दिवस प्रेशर खाऊन कोपऱ्यात पापडासारखं तुटलेलं असणार. बोल्ट आवळताना जोर करू नका, मधल्यापासून सुरू करून बाहेरच्यांकडे जा, थोडं थोडं, दोन तीन फेऱ्यांत. पत्र्याचं कव्हर असेल तर लोक इतकं आवळतात की बोल्टच्या भोकाभोवती पत्रा आत दबतो आणि मधे फुगवटा येतो, मग कितीही पॅकिंगं बदला गळणारच. कव्हर काढलंत की काचेवर पालथं ठेवून कडेला कुठे उजेड दिसतो का बघा. फुगवटा असेल तर लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करा.

तासगावकर७७

पॅकिंगला वरनं सिलिकॉन लावायचं की नाही यावर दोन मतं आहेत बघा. आमचा मिस्त्री ट्यूबच्या ट्यूब पिळतोय.

जुना_फिटर

मग त्याच्या हातून ट्यूब काढून घ्या. जेवढं बाहेर पिळून आलेलं दिसतं तेवढंच आतही जातं. आतलं सुटून ऑईलबरोबर चेंबरमध्ये उतरतं आणि ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. बाहेरचं लीकेज बंद आणि आत बेअरिंगला ऑईल नाही. कॉर्क किंवा रबराचं पॅकिंग चांगलं असेल, दोन्ही तोंडं कोरडी स्वच्छ असतील तर काही लागत नाही. लावायचंच असेल तर कव्हरच्या बाजूला, पॅकिंग सरकू नये एवढंच, पातळ बोट फिरवून. कोपऱ्यात दोन भाग एकत्र येतात तिथे मुगाएवढा ठिपका चालतो.

निफाडकर, घरात गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी असेल तर एक गंमत करून बघा. ऑईल भरायच्या भोकात रबरी बूच घट्ट बसवा, त्यातून नळी आत घाला, नळीचा खाली यू करून त्यात थोडंसं पाणी. यू इंजिनाच्या बराच खाली लोंबत ठेवा म्हणजे पाणी आत ओढलं जाणार नाही. इंजिन हळूवर चालू करा आणि पाणी किती सरकतं बघा. किती चालतं याचा आकडा इंजिनागणिक वेगळा असतो, पण आजचा लिहून ठेवा, सहा महिन्यांनी परत बघा. वाढला तर परत ब्रीदर नाहीतर रिंगा. पट्टीच्या भोकात नळी लावू नका, काही इंजिनांत ती नळी खाली ऑईलमध्ये बुडलेली असते, काहीच कळणार नाही.

दापोलीचा_कलमवाला

मी आत्ता जाऊन आमच्या टिलरचा ब्रीदर बघितला. काही बोलत नाही.

निफाडचा_बागवाला

५ दिवसांनी लिहितोय, माफ करा, फवारण्यांमुळे वेळच नाही.

पॅकिंग बदललं, १८० रुपये. जुनं काढलं तर मागच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा तुकडाच नव्हता, बाकीचं हातात मोडत आलं. कव्हर काचेवर ठेवलं, दोन बोल्टच्या मधे उजेड दिसत होता, काकांनी सांगितलं तसं लाकडावर ठोकून बसवलं. सिलिकॉन नाही लावलं.

त्यानंतर १४ तास ब्लोअर चाललाय, पट्टीवर लेव्हल जवळजवळ हललेली नाही. वरून ऑईल टाकलं नाही. पुठ्ठ्यावर पहिल्या सकाळी ताटलीएवढा डाग होता, मग वाटीएवढा, आज पोराने गोल काढला तो बांगडीत मावेल. कापूस आत फिरवला तर पुसट डाग येतो. लेव्हल नळीत पाणी बोटभर हलतं, रेस वाढवली की अजून थोडं. पट्टी जागेवरून हललेली नाही. पोराला म्हटलं, बाबा तुझी चूक नव्हती, माझीच. तो म्हणे, मालक मी तेव्हाच सांगत होतो की मी बसवली होती. सांगत होता खरा.

वर्कशॉपवाल्याचा फोन आला होता कधी आणताय म्हणून. सांगितलं एप्रिलची खरड छाटणी झाली की बघू. ब्रीदरचं त्याला सांगितलं तर म्हणाला हां ते पण असतं कधी कधी.

जुना_फिटर

बोटभर म्हणजे २१०० तासांच्या इंजिनाला मला तरी काळजीचं वाटत नाही. एप्रिलपर्यंत डाग बांगडीतच राहिला तर तेव्हाही उघडू नका. वाढला तर उघडा, आणि उघडाल तेव्हा एकाच खर्चात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील, क्लचचं रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग बघून घ्या, सील १ आणि मजुरी १६ असला हा व्यवहार आहे. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडलीय का ते नखाने चाचपा. नख अडलं तर नवीन सील त्याच जागी बसवू नका, सील बसतं त्या घरात जागा असेल तर दोन मिमी पुढे किंवा मागे, नाहीतर वरून पातळ स्लीव्ह चढवतात. आणि बसवताना सीलच्या ओठाला ऑईल लावा, कोरडं बसवलं की पहिल्या मिनिटातच करपतं. हे मिस्त्रीला सांगा, त्याला राग आला तरी.

ओहायोतला_नाशिककर

पाईपाच्या तोंडाला बारीक जाळी लावली तर? परत कुंभारीण जाणार नाही.

जुना_फिटर

बारीक जाळी नको. ब्रीदरमधून ऑईलची वाफ येते, तिच्यावर रानातली धूळ बसते, दोन महिन्यांत जाळीची भाकरी होते. मग माशीचं काम तुम्हीच केलंत. लावायची तर मोठ्या भोकांची, आणि दर ऑईल बदलीला बघायची.

निफाडचा_बागवाला

मी महिनाभर उभा ठेवायचा असेल तेव्हा तोंडाला फडकं बांधायचं ठरवलंय.

तासगावकर७७

आणि फडकं सोडायचं इसरला म्हंजे? मग माशी परवडली.

निफाडचा_बागवाला

त्यावर पोरानेच तोड काढली. लाल फडकं घेतलंय आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरची चावी बांधलीय, फडकं सोडल्याशिवाय चावीच हातात येत नाही.